पहिलं दळण आम्रपालीचं

लहान मुलांची हृदयं बघण्यात माझी सगळी नोकरी गेली. बघण्यात म्हणजे अगदी डोळ्यांनी बघण्यात. इको नावाचं यंत्र असतं, पोटाच्या सोनोग्राफीचं भावंडच म्हणा. मुलाच्या छातीवर थंडगार जेल लावायचं, साबणाच्या वडीएवढं उपकरण त्यावर टेकवायचं, की पडद्यावर हृदयाचे चारही कप्पे उघडझाप करताना दिसतात. कुठं भोक आहे का, झडप गळते का, स्नायू नीट आवळतो का, सगळं कळतं. अट एकच, मूल थोडा वेळ गप्प पडून राहिलं पाहिजे. ती एकदा जमली की पुढचं सोपं.

ती जमवायची म्हणजे प्रत्येकाला वेगळी युक्ती. माझं बालपण बिलोलीचं, वडील तिथं शाळेत मास्तर. तेलंगणाची शीव जवळ, त्यामुळे गल्लीत निम्मी तेलुगू चालायची. देगलूर-बिलोलीकडचं लेकरू रडायला लागलं की मी हळूच म्हणायची, "एडवकु बिड्डा." म्हणजे, रडू नको बाळा. डॉक्टरीण घरच्यासारखं बोलते हे ऐकून ते इतकं चकित व्हायचं की रडायचं विसरायचं. देगलूरच्या एका पोरानं पडद्यावर स्वतःचं हृदय निरखून विचारलं, "मॅडम, हे रात्री बंद कोण करतं?" मी म्हटलं, कुणीच नाही, ते चालूच असतं. तो आईकडं वळून म्हणाला, "मग लाईटबिल लई येत आसंल."

दवाखाना माझा नांदेडला, पण दर गुरुवारी मी लातूरला जायची. तिथल्या एका बालरुग्णालयात मुलांच्या हृदयाची ओपीडी असायची. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं. मला गाडी चालवता येत नाही आणि भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर वाटभर राजकारण सांगतो. एसटीत निदान खिडकी मिळते. सोबत इकोचं छोटं यंत्र असायचं, पेटीत घातलेलं, मांडीवर.

त्या पेटीमुळंच सोनकांबळे मास्तरांची ओळख झाली. मास्तर म्हणजे कंडक्टर. आमच्याकडं कंडक्टरला मास्तरच म्हणतात. तिकीट फाडता फाडता पेटीकडं बघून ते म्हणाले, "मॅडम, भजनाला चालल्या का?"

मी म्हटलं, "ही वाजवायची पेटी नाही, मास्तर. यात हृदय दिसतं."

मागच्या सीटवरचा एक म्हातारा म्हणाला, "मंग आमच्या सुनंचं दाव बरं, हाय का न्हाई ते." सगळी बस हसली. मास्तर मात्र हसले नाहीत. अहमदपूरला बस चहाला थांबली तेव्हा ते माझ्या खिडकीखाली येऊन उभे राहिले.

"मॅडम, एक इचारू का? माझी लेक हाय, सात वर्षांची. आम्रपाली. तिचं दिल मोठं झालंय म्हनतात. लई थकून राहिलंय लेकरू. जिना चढला की दम लागतो."

मी म्हटलं, आजच घेऊन या.

हे त्या दुष्काळातलं, ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं. त्याआधीचंही साल कोरडंच गेलं होतं. दवाखान्यात हात धुवायला मग आणि बादली होती आणि बादलीजवळ एक मावशी बसलेली असायची, कोण किती पाणी घेतं ते बघत. मोठमोठे सर्जन तिला भिऊन असत.

दुपारी मास्तर आणि त्यांची बायको करुणाताई आम्रपालीला घेऊन आले. किडकिडीत हातपाय, पोट पुढं आलेलं, ओठ पांढुरके, पायावर सूज. पण डोळे तरतरीत. जेल लावल्यावर रडली नाही. म्हणाली, "हे पाणी वाया चाललं की, मॅडम." लातूरच्या लेकराला त्या साली दुसरं काय सुचणार.

पडद्यावर जे दिसलं ते बरं नव्हतं. हृदय फुगलं होतं आणि स्नायू जेमतेम हलत होता. निरोगी हृदय दर ठोक्याला आतलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर ढकलतं. हिचं त्याच्या निम्मंही ढकलत नव्हतं. भोक नाही, झडपा ठीक. असं हृदय बहुतेकदा एखाद्या विषाणूच्या तापानंतर होतं आणि पुष्कळ मुलांत कारण सापडतच नाही. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं की औषधं चालू ठेवा, पुढंमागं हृदय बदलायची वेळ येऊ शकते. मास्तर मला म्हणाले, "बसचं इंजिन बदलतात मॅडम, मी डेपोत बघितलंय. लेकराचं कसं बदलतेत?"

औषधं मी थोडी बदलली. सूज उतरवायची गोळी दिली, हृदयावरचा भार हलका करायचं औषध वाढवलं. रक्त फार कमी होतं, लोहाचं औषध आधीपासून चालूच होतं, ते तसंच ठेवलं. दर महिन्याला ती यायची. सूज उतरली, पण हृदय जागचं हललं नाही. रक्तही वाढेना. लोहाचं औषध पोटात जात होतं आणि अंगी लागत नव्हतं. मी करुणाताईंना विचारलं, वेळेवर देता ना? त्यांनी रिकाम्या बाटल्या पिशवीत भरून आणल्या आणि माझ्या टेबलावर मांडल्या.

उन्हाळा चढला तशी लातूरची माणसं लेकरं गावाकडं पाठवायला लागली. ज्याचा पाव्हणा पाण्याच्या काठी, तो नशीबवान. मास्तरांची मोठी बहीण गयाबाई लोह्याजवळच्या एका खेड्यात राहायची. तिच्या विहिरीला तळाशी का होईना पाणी होतं. आम्रपालीला तिकडं पाठवू का, असं मास्तरांनी विचारलं. औषधं सोबत द्या आणि उन्हात खेळू देऊ नका, म्हणून मी हो म्हटलं.

शाळा सुरू व्हायच्या वेळेला ती परत आली, ती पायऱ्या चढून. मागून धापा टाकत मास्तर. मी इको केला, मग पुन्हा केला, मग यंत्राची तार नीट बसली आहे का ते बघितलं. हृदय आकसलं होतं. पूर्ण बरं नव्हतं, पण स्नायू पहिल्यापेक्षा जोरात आवळत होता. गालावर जरा रंग होता.

"गावची हवा," मास्तर म्हणाले.

मी मनाशी म्हटलं, औषधं लागू पडली. डॉक्टरला असंच वाटतं. दोघंही खुशीत घरी गेलो.

पाऊस त्या वर्षी बरा झाला. दसरा झाला, दिवाळी झाली. आणि दिवाळीनंतरच्या गुरुवारी मास्तर आम्रपालीला उचलून घेऊन आले. पुन्हा सूज, पुन्हा धाप, बसल्या जागी. दाखल करून घेतलं. इको बघितला, हृदय होतं तिथं परत गेलेलं.

औषध तेच, मात्रा तीच, एक खाडा नाही. मग उन्हाळ्यात काय होतं जे आता नाही? मी खुर्ची ओढून करुणाताईंजवळ बसले आणि गावाकडचा दिवस सांगा म्हटलं. सकाळपासून झोपेपर्यंत.

त्यांना वाटलं, मॅडम वेळ घालवून राहिल्या. पण त्यांनी गयाबाईलाच फोन लावून दिला. गयाबाई म्हणाली, "काय करनार माय, सकाळच्यानं भाकरी आन् दूध. दुपारी भाकरी आन् वरण. सांजंला भाकरी कुस्करून."

"पोळी?"

"कुठली पोळी. आमच्यात गहू न्हाईच. मागच्या चांगल्या सालची ज्वारी हाय राख लावून ठिवलेली, तीच खातो."

आणि लातूरला? करुणाताई म्हणाल्या, "इथं सकाळ-सांज पोळीच की. ज्वारी पिकली न्हाई, बाजारात हात लावू देईना. रेशनचा गहू मिळतो. आन् दिवाळीला शंकरपाळे, करंज्या. तिला लई आवडतात."

खेड्यात असताना, मास्तरांची बदली लातूर डेपोला होण्याआधी, आम्रपाली भाकरीवरच वाढली होती. पोळी सणासुदीला. लातूरला आल्यावर पोळी रोजची झाली, आणि दुखणं त्यानंतरचंच.

सीलियाक नावाचा एक आजार असतो. गहू, जव यांत ग्लूटेन नावाचा चिकट पदार्थ असतो, त्यानंच पोळी लांबते आणि पाव फुगतो. तुम्हाआम्हाला त्याचं काही नाही. पण काही मुलांचं शरीर त्याला शत्रू समजून लढायला उठतं आणि त्या लढाईत स्वतःचंच आतडं झिजवतं. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्न तीच शोषते. लव झिजली की खाल्लेलं अंगी लागत नाही. लोहाचं औषधही नाही. अशा बहुतेक मुलांचं हृदय ठणठणीत असतं. पण क्वचित एखाद्याच्या हृदयाच्या स्नायूपर्यंत ही झळ पोचते आणि हृदय थकून फुगतं. मी हे पुस्तकात वाचलं होतं. समोर आलेलं पहिल्यांदाच बघत होते.

रक्ताची तपासणी पाठवली. नांदेडला माझा वर्गमित्र पोटाचा डॉक्टर आहे, त्यानं तोंडातून बारीक नळी घालून आतड्याचा कणभर तुकडा काढला. दोन्ही तपासण्या एकच बोलल्या. सीलियाकच. वर्गमित्र मला म्हणाला, "तू हृदय बघत बसलीस आणि गडबड माझ्या खात्यात निघाली." त्याला तो आनंद मी उपभोगू दिला.

मला वाटलं होतं, आता काम झालं. पोळी बंद, भाकरी सुरू, मराठवाड्याच्या माणसाला यात अवघड काय? करुणाताईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, माझी आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची. आमच्या घरात पोळी जयंतीला, न्हाई तर पाव्हणा आला तर. मी तवाच ठरवलं व्हतं, माझी लेक रोज पोळी खाईल. नवरा नोकरीला लागला, शहरात आलो, खाऊ घातली. आन् तुम्ही म्हनता तिला परत भाकरीवर आना."

मला ते परकं नव्हतं. आमच्या बिलोलीच्या घरीही पोळीचा खरा दिवस चौदा एप्रिल. मेडिकलला गेल्यावर पहिल्या सुट्टीत मी घरी सांगितलं होतं की मेसमध्ये रोज पोळी मिळते, आणि वडिलांनी ते गल्लीभर सांगितलं होतं. हे मी करुणाताईंना सांगितलं. म्हटलं, "तुमच्या आईला पोळी मिळाली नाही, तुमच्या लेकीला ती मानवत नाही. दोन्हींत फरक आहे, ताई. हिनं भाकरी खाल्ली तर ही पळेल."

"पळेल?"

"बहुतेक."

त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मग आम्हीबी खानार न्हाई. एका घरात दोन तवे न्हाई. लेकरानं काऊन एकटीनं खावं?"

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना पोळी फार प्रिय होती, ते चेहऱ्यावर दिसत होतं. ते म्हणाले, "ड्यूटीवर खाल्ली तर चालंल का?" करुणाताईंनी नुसतं बघितलं आणि तो प्रश्न मिटला.

पोळी बंद झाली. पाव, बिस्किट, रवा, शेवया बंद. डबीतल्या हिंगातही कणीक मिसळलेली असते, तो हिंगही गेला. आम्रपाली घरी गेली, महिन्यानं आली, जरा बरी होती. त्यापुढच्या महिन्यात तेवढीच. त्यापुढं काहीच नाही. रक्त पुन्हा अडलं, सीलियाकच्या तपासणीतला आकडा खाली यायला तयार नाही. म्हणजे गहू कुठून तरी जात होता. मी विचारलं तर करुणाताई दुखावल्या. "मॅडम, मी लेकराच्या जिवाशी खोटं बोलंन का?"

म्हटलं, मी तुमच्या घरी येते. ओपीडी संपल्यावर त्यांच्याबरोबर ऑटोनं गेले. डबे बघितले, तवा बघितला. घरात गव्हाचा कण नव्हता. चहा झाला. मग आम्रपाली म्हणाली, "मम्मी, दळण आनायचंय." मीही सोबत निघाले.

गिरणी गल्लीच्या तोंडाशी. गिरणीवाले रहीमचाचा पिठानं इतके पांढरे की केस पिकलेत की नाहीत ते कळू नये. रांगेत बायका-माणसं, आणि बोलणं नव्या जिल्ह्याचं. उदगीर जिल्हा होणार अशी हवा तेव्हा सारखी उठायची. कुणी म्हणालं, जिल्हा झाला की कामं होतील. चाचा म्हणाले, "लातूर जिल्हा झाला तवाबी मी हितंच दळत व्हतो. जिल्हे बदलतेत, दळनारा बदलत न्हाई."

बोलता बोलता त्यांनी एकाचा गहू दळून संपवला आणि त्याच जात्यात आम्रपालीची ज्वारी ओतली. पहिलं जे पीठ पडलं ते स्पष्ट पिवळसर होतं. आधीच्या गव्हाचं. आम्रपालीच्या डब्यात.

मी म्हटलं, "चाचा, थांबवा जरा."

गिरणी थांबली. एवढ्या आवाजानंतर अचानक शांत झाल्यावर सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली. मी चाचांना सांगितलं की या मुलीला गहू विषासारखा आहे, आणि तो या जात्यातून तिच्या पोटात जातोय.

"इत्तासा?" चाचांनी चिमूट दाखवली.

"इत्तासाच पुरतो, चाचा. तिच्या हृदयावर आलंय."

चाचा आम्रपालीकडं बघत राहिले. नेहमी डबा घेऊन येणारी पोर, डबा खाली ठेवून मध्येच दम घेणारी. ते म्हणाले, "मला वाटायचं, डबा जड हाय." मग त्यांनी डब्यातलं पीठ बाजूला ओतलं आणि म्हणाले, "सोमवारी सकाळी या. गिरनी मी खोलून झाडतो, ब्रश मारतो. आधी साधी ज्वारी घालून जातं धुवून काढतो, मग हिचं. गव्हाला दुपारपर्यंत हात लावत न्हाई."

रांगेतला एक माणूस म्हणाला, "मग आमचा गहू?"

"तुझा गहू दुपारी. तुला कुटं दिल्लीला जायचंय?"

मागं उभी असलेली एक बाई म्हणाली, "जातं धुवायला ज्वारी लागंल न्हवं? माझी घ्या. मला काय, मिसळलं तरी चालतंय."

तेव्हापासून सोमवारी गल्लीतल्या चार-पाच घरांची ज्वारी आधी पडायची आणि मग चाचा ओरडायचे, "चला, आम्रपाली." वीज गेली तर मंगळवारी. पण गव्हाच्या आधी, नेहमी. मला गुरुवारी बसमध्ये मास्तर सांगायचे, "चाचानं इचारलंय, पोरीचं दिल कसं हाय."

दिल सुधारत गेलं. आधी रक्त वाढलं, मग वजन, मग हृदय. स्नायू हळूहळू आकसतो, घाई करत नाही. औषधं एकेक कमी केली. शेवटची बंद करायची होती त्या गुरुवारी सगळं घर आलं, लोह्याहून गयाबाईसुद्धा. पडद्यावर हृदय छान आवळत होतं, वयाला शोभेल एवढंच मोठं. मी म्हटलं, बरी आहे. भाकरी जन्मभर, औषध बंद.

करुणाताईंनी आम्रपालीच्या छातीवरचं जेल स्वतःच्या पदरानं पुसून घेतलं, सगळं, सावकाश.

गयाबाई म्हणाली, "म्या म्हनलंच व्हतं, माझ्या भाकरीचा गुन हाय."

तिनं असं कधीच म्हटलं नव्हतं. पण गुण भाकरीचाच होता, त्यामुळे मला वाद घालता येईना. "आत्याबाई, बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं.

"मग ते नळ्याचं माझ्याबी गळ्यात घाला."

मी स्टेथोस्कोप तिच्या कानाला लावला आणि दुसरं टोक आम्रपालीच्या छातीवर ठेवलं. गयाबाईनं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "घोडं पळून राहिलंय की."

इथं एक सांगायला हवं, कारण दिवाळी अंकातलं वाचून लोक घरी प्रयोग करतात. कुणी उद्यापासून मुलांच्या पोळ्या बंद करू नका. गहू सोडला की तपासणी फसते. शंका असेल तर आधी तपासणी, मग पथ्य. आणि फुगलेल्या प्रत्येक हृदयामागं गहू नसतो. आम्रपालीनंतर मी अशा पुष्कळ मुलांची ती तपासणी केली. बहुतेकांची नाही म्हणून आली. एका मुलाची होय म्हणून आली, धर्माबादकडचा होता. त्याचं हृदय अजून शाबूत होतं, फक्त जपायला हवं होतं. आईबाप ऊसतोडीला गेले ते परत माझ्याकडं आले नाहीत. फोन लागला नाही, गावात निरोप ठेवले. तो कुठं काय खात असेल, हे अजून कधी जेवताना मनात येतं.

आता मी निवृत्त आहे. मागच्या हिवाळ्यात मास्तरांचा फोन आला, सगळे खरोशाची लेणी बघायला जाऊन राहिलोत, मॅडम तुम्ही चला. गेले. आम्रपाली आता कॉलेजात आहे, आईपेक्षा उंच. डोंगराच्या पायथ्याशी आम्ही सगळे बरोबर निघालो आणि थोड्या वेळानं ती कुठंच दिसेना. मी निम्म्यावर येऊन एका दगडावर बसले. गुडघे बोलत होते, श्वास भरून आला होता.

ती वरून धावत खाली आली. धाप नाही, घाम नाही. माझ्याशेजारी बसली, माझं मनगट हातात घेतलं आणि दोन बोटं नाडीवर ठेवली. बरोबर जागेवर.

"घाई करू नका मॅडम," ती म्हणाली. "लेणी कुठं जात न्हाईत. दम घ्या, मग जाऊ."

मी तिचं ऐकलं.